मुलांनाही बोलवा: ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद,
महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची. रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीतला बराच काळ अतिदक्षता विभागात, आयसीयूत, गेला. निवृत्त झाल्यावर घराजवळच्या संघाची सभासद झाले. हे पत्र एका विनंतीसाठी लिहिते आहे आणि ती विनंती आधीच सांगून टाकते. या वर्षात तुमच्या संघाची एक तरी सभा अशी घ्या, की जिला सभासद एकटे न येता मुलगा, मुलगी, सून, जावई यांना घेऊन येतील. विषय एकच ठेवा. आपलं दुखणं शेवटाकडे गेलं आणि आपल्याला बोलता येईनासं झालं, तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने ते डॉक्टरांना कोणी सांगायचं.

ही विनंती सरकारला किंवा डॉक्टरांच्या संघटनेला न करता तुम्हाला करण्याचं कारण आहे. मरणाच्या पुढची व्यवस्था आपल्या संघांनी फार चांगली लावून दिली आहे. मृत्युपत्र कसं करावं, बँकेत नॉमिनेशन कसं तपासावं यावर व्याख्यानं होतात. नेत्रदानाचे, देहदानाचे अर्ज संघाच्या टेबलावरच भरले जातात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हे आज आपल्या कितीतरी आजी-आजोबांना तोंडपाठ आहे आणि ते संघांमुळेच. म्हणजे प्राण गेल्यानंतर काय करायचं ते कपाटातल्या फायलीत नीट लावून ठेवलेलं असतं. प्राण जाण्याआधीचे आठ-पंधरा दिवस, कधी दोन-तीन महिने, यांच्याबद्दल मात्र त्या फायलीत एक ओळ नसते, आणि मुलांशी त्याबद्दल धड बोलणंही झालेलं नसतं.

त्याचा परिणाम आयसीयूच्या दाराबाहेर दिसतो. असाच एक प्रसंग सांगते. घराची ओळख पटेल असं सगळं गाळून सांगते.

ऐंशी ओलांडलेले आजोबा. फुप्फुसाचा जुना आजार, वर्षभरात तिसऱ्यांदा दाखल झालेले, आता किडनीही साथ देईना. रात्री दीड-दोनच्या सुमाराला श्वास पुरेनासा झाला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. घेतलं तरी त्यातून बाहेर येतील याची आशा फार थोडी आहे. घ्यायचं का, सांगा." धाकटा मुलगा म्हणाला, "तुम्हीच सांगा डॉक्टर, आम्हाला काय कळतंय." मुलगी म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, मला नळ्या लावू नका." त्यावर धाकटा म्हणाला, "अगं, सगळेच म्हणतात तसं." मग अमेरिकेतल्या थोरल्याला फोन लागला. तो रडत होता. "मी निघतोय. मी पोहोचेपर्यंत काहीही करून टिकवा." झालं. संमतीपत्रावर सही झाली.

आजोबांच्या घशातून श्वासनलिकेत नळी गेली. ती त्यांनी ओढून काढू नये म्हणून मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधली. नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध सुरू झालं. थोरला आला तेव्हा वडील होते, पण बोलणं नव्हतं आणि ओळखही नव्हती. पुढे आठवडाभराने ते गेले. मुलगी मात्र नंतर मला दोनदा भेटायला आली आणि दोन्ही वेळा तिने तेच विचारलं, "सिस्टर, मी आणखी जोर धरायला हवा होता का?"

त्या घरात वाईट कोणीच नव्हतं. तिघांचंही वडिलांवर प्रेम होतं आणि तिघंही खरं बोलत होते. वडिलांना नेमकं काय हवं होतं हे तिघांनी एकत्र बसून, त्यांच्याच तोंडून, कधी ऐकलेलं नव्हतं. एका संध्याकाळी चहाबरोबर तासभर ते बोलणं झालं असतं, तर धाकट्याला डॉक्टरांवर भार टाकावा लागला नसता आणि थोरल्याला सात समुद्रापलीकडून हुकूम सोडावा लागला नसता. मुलीच्या मनाला लागलेली टोचणी तर मला आजही बोचते.

आपण बोलत नाही असं नाही. कट्ट्यावर आपण याशिवाय दुसरं काय बोलतो? "हातीपायी धड असताना उचललं म्हणजे मिळवली." "कुणाला करायला लावायचं नाही बुवा." अमुक एक झोपेत गेला, केवढा भाग्यवान, ही चर्चा तर दर महिन्याला होते. पण हेच घरी काढलं की मुलगा म्हणतो, "शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ना, बाबा, तसं काहीतरी बोला." सून म्हणते, "आई, भरल्या घरात काय हे अभद्र." आपणही गप्प बसतो, कारण मुलांचा चेहरा उतरलेला आपल्याला बघवत नाही. म्हणूनच ही सभा घराबाहेर, संघाच्या सभागृहात व्हावी असं मी म्हणते. तिथे शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्याचे आईवडीलही तेच बोलत असतात. मग मुलांना ते अभद्र वाटत नाही, सगळ्यांच्याच घरातला प्रश्न वाटतो. आमच्या संघात आम्ही अशी सभा घेऊन पाहिली आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगते.

आता "नळ्या लावू नका" या वाक्याबद्दल. आपल्या पिढीने हे एक वाक्य मुलांना देऊन ठेवलं आहे, पण आयसीयूच्या दारात त्याचा उपयोग होत नाही. नळ्या म्हणजे कोणत्या? एरवी खुटखुटीत असलेल्या सत्तरीतल्या बाईंना न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटर लावला, तर त्या बऱ्या होऊन पुन्हा भाजी आणायला जाऊ शकतात. तिथे "आई नळ्या नको म्हणाली होती" म्हणून नकार दिला, तर तो अन्याय होईल. आणि कर्करोग सगळीकडे पसरला आहे, उपचार थांबले आहेत, अशा माणसाला तोच व्हेंटिलेटर लावला तर मरण थोडं लांबतं, आजार हटत नाही. यंत्र तेच आहे. फरक पडतो तो माणूस कुठल्या टप्प्यावर आहे त्याने. म्हणून मुलांशी बोलताना यंत्रांची यादी करण्याआधी टप्प्याबद्दल बोला. "बरी होण्याची खरी आशा असेल तर सगळं करा. ती नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले, तर मला अडकवून ठेवू नका, फक्त वेदना होऊ देऊ नका." एवढं जरी तिन्ही मुलांनी एकाच वेळी ऐकलं, तरी रात्री दोनला त्यांच्या हातात काहीतरी असतं.

तरीही काही गोष्टी नावानिशी बोलायला हव्यात, कारण घरच्यांची गडबड तिथेच होते. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, सीपीआर, टीव्हीच्या मालिकांत फार सोपा दिसतो. वय झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या शरीरावर तो करताना बरगड्या मोडतात, हे मी माझ्या हाताखाली अनुभवलं आहे. अचानक झटका आलेल्या माणसासाठी तो वरदान आहे, करायलाच हवा. शेवटच्या टप्प्यावरच्या आजाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी तो न करण्याचा निर्णय कसा घ्यावा आणि केसपेपरवर कसा नोंदवावा, याच्या मार्गदर्शक सूचना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये डॉक्टरांसाठी काढल्या आहेत. म्हणजे आपल्या डॉक्टरांना याबद्दल उघड विचारता येतं आणि विचारावं.

दुसरी गोष्ट नाकातून पोटात घातलेल्या नळीची. रायल्स ट्यूब म्हणतात तिला. व्हेंटिलेटरला नकार देणारी मुलंसुद्धा इथे अडखळतात. आईला उपाशी कसं ठेवायचं? आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते, त्यामुळे हा प्रश्न काळजाला हात घालतो. पण मरण जवळ आलेल्या शरीराची भूक आपोआप मंदावते, तहानही कमी होते. आतड्यांची पचवण्याची ताकद गेलेली असते. अशा वेळी जबरदस्तीने भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन त्रास वाढू शकतो. चमच्याने घोटभर पाणी, मागितलं तर दोन घास मऊ भात, ओठ कोरडे पडले तर ओला बोळा, एवढ्याने माणूस शांत राहू शकतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. "मी खायचं सोडलं तर मला खायला घातलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका," हे आईने स्वतः सांगितलेलं असलं की मुलगी पुढचं आयुष्य सुखाने काढते. अर्थात हे शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला काही आठवडे नळीने भरवणं हा उपचारच असतो. त्याची गल्लत होऊ देऊ नका.

कुठे राहायचं, हेही असंच मोघम राहून जातं. आमच्या सभेत एक बाई म्हणाल्या, "मला शेवटी घरी राहायचंय." मुलगा म्हणाला, "आई, आपण घरीच तर आहोत." त्या म्हणाल्या, "हे तुझं घर. मी गुहागरच्या घराबद्दल बोलतेय." सगळं सभागृह क्षणभर गप्प झालं. मग मुलाने विचारलं, तिथे डॉक्टर कोण येणार, रात्री दुखायला लागलं तर काय करायचं, आत्याला झेपेल का? बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मग शेवटी नाही जमलं तरी चालेल. पण आत्ता चालतीबोलती आहे तोवर एक पावसाळा तिथे काढू दे." त्या मायलेकांनी पुढे तसं केलंही. हे बोलणं मरणाविषयी म्हणून सुरू झालं, आणि त्यातून मिळाला तो जगण्यातला एक पावसाळा. मुलांना सोबत बोलवा असा आग्रह मी का धरते ते यावरून लक्षात यावं. बाईंनी कागदावर "घरी ठेवावे" एवढंच लिहिलं असतं, तर मुलाने त्यांना कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ठेवलं असतं आणि आईची इच्छा पुरी केली असं समजून चालला असता.

कागदाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. उलट आता कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो संघांनी सभासदांपर्यंत न्यायला हवा. आपल्या महाराष्ट्राचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत संस्था काढली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात अचेत अवस्थेत होत्या. त्यांना काय हवं होतं हे कोणालाच विचारता आलं नाही. त्यांना भरवणं थांबवून मरण येऊ द्यावं, अशी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, आणि त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर प्रथमच मोकळी केली. माझ्या व्यवसायभगिनी त्यांची सेवा करत राहिल्या, त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही, याचा मला अभिमान आहे. पण अरुणाताई आठवल्या की मला हेही वाटतं, की ज्यांना अजून बोलता येतं त्यांनी तरी बोलून ठेवावं.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं मान्य केलं आणि शेवटी कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवण्याच्या वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला वर्तमानपत्रं लिव्हिंग विल म्हणतात त्याला, कायदेशीर आधार दिला. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणत्याही व्यक्तीने, कोणाच्याही दबावाशिवाय, हे पत्र लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावं. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालावीत, एकाहून अधिक घालता येतात. एक प्रत त्यांना, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मन बदललं तर पत्र बदलता येतं, रद्दही करता येतं.

हे अधिकारी नेमण्याचं काम बराच काळ रखडलं होतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा महाराष्ट्रात ते हललं. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं, ते त्या राज्यातलं पहिलं. एका न्यायमूर्तींनी स्वतः पुढे होऊन ते केलं, याचा तिथल्या लोकांवर शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त परिणाम झाला असेल असं मला वाटतं. आपल्या संघांचे अध्यक्षही पहिलं पाऊल उचलू शकतात.

सभासद दोन भीती हमखास बोलून दाखवतात. एक म्हणजे, "पत्र लिहिलं की डॉक्टर हात आखडता घेतील." तसं नाही. हे पत्र आपल्याला स्वतः निर्णय घेता येईनासा झाल्यावरच वाचलं जातं. तोवर आपला शब्दच शेवटचा. दुसरी भीती, जी लोक हळू आवाजात सांगतात, ती म्हणजे मुलं इस्टेटीसाठी घाई करतील. त्यासाठीच न्यायालयाने पायऱ्या ठेवल्या आहेत. उपचार करणारे डॉक्टर आणि त्यांच्यासोबत किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ मत देतं. मग रुग्णालयाचं दुय्यम मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो, ते तपासतं. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत हे व्हावं असं म्हटलं आहे. उपचार काढण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. एकट्या मुलाच्या सांगण्यावरून काही होत नाही. इंजेक्शन देऊन मरण आणणं तर आपल्या देशात गुन्हाच आहे आणि या पत्राने ते मागताही येत नाही.

आणि हेही लक्षात घ्या, की ज्यांना शेवटच्या श्वासापर्यंत सगळे उपचार हवे आहेत, त्यांनीही ते मुलांना सांगायला हवं. ती इच्छाही तितकीच मानाची आहे. सभेत कोणी असं म्हणालं, तर बाकीच्यांनी त्यांना समजवायला जाऊ नये.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. पुष्कळ घरांत उपचार थांबवायचे याचा अर्थ "डामा घेणं" एवढाच असतो. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असं लिहून द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची आणि निघायचं. माणूस घरी येतो, पण सोबत ना दुखणं थांबवणारं औषध असतं, ना श्वास लागला तर काय करायचं याचा सल्ला. मग रात्रभर घरातले त्याच्या उशाशी बसून ते हाल बघतात आणि पहाटे घाबरून पुन्हा त्याच रुग्णालयात नेतात. हे घडायला नको. व्हेंटिलेटर नको म्हणजे काहीच नको, असं नसतं. वेदना, धाप, मळमळ, अस्वस्थता यांच्यावर उपचार करणारी वेगळी वैद्यकीय शाखा आहे. तिला परिहार सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यावरच्या कर्करुग्णांना सांभाळतं आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची विनामूल्य सेवा करतं. केरळने तर १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी धोरणच आणलं. तिथे शेजारचा दुकानदार, शाळामास्तर हे आठवड्याचे काही तास अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी देतात. आपल्या संघांत रिकामा वेळ आणि मायेचे हात दोन्ही आहेत. हे आपल्याकडे का होऊ नये?

मॉर्फिनची भीतीही घालवायला हवी. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जगभर मान्य असलेलं औषध आहे. जाणकार डॉक्टरांनी योग्य मात्रेत दिलं तर माणूस त्याने सहसा व्यसनी होत नाही, उलट उठून बसतो, बोलतो, नातवंडांशी खेळतो. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन ते रुग्णालयांना मिळवणं सोपं झालं आहे. तरी घरचेच म्हणतात, "मॉर्फिन नको, ते शेवटचं असतं." सभेला परिहार सेवेतले डॉक्टर बोलवाल तेव्हा त्यांना हा प्रश्न नक्की विचारा.

मुलांना बोलवा म्हणताना सुनेला बोलवा, असं मी मुद्दाम लिहिलं आहे. रात्री उठून कूस बदलणारी, डायपर बदलणारी बहुतेक घरांत तीच असते, आणि निर्णयाच्या वेळी तीच दाराबाहेर उभी असते. तिला काय झेपेल आणि काय झेपणार नाही हे तिच्याकडून ऐकल्याशिवाय "मला घरीच ठेवा" असं ठरवणं बरोबर नाही. आणि आपल्या सभासद भगिनींना वेगळं विचारा. आजोबा बोलतात आणि आजी "यांचं तेच माझं" म्हणून मोकळ्या होतात. वैद्यकीय इच्छापत्रात "यांचं तेच माझं" चालत नाही. ज्यांना विसराळूपणाचा त्रास सुरू झाला आहे त्यांच्या घरी तर हे बोलणं आजच व्हायला हवं, कारण पुढे समजून सही करण्याची वेळ निघून जाते.

पैशाबद्दलही बोला. आयसीयूचं बिल रोज वाढत असतं. मुलगा एफडी मोडतो, सुनेचे दागिने जातात आणि थांबू या हा शब्द कोणी उच्चारू शकत नाही, कारण तो पैशासाठी उच्चारला असं लोक म्हणतील. आईवडिलांनीच सांगितलेलं असलं, की माझ्या दुखण्यासाठी अमुक इतकं बाजूला ठेवलं आहे, त्यापुढे नातीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही, तर मुलांच्या डोक्यावरचं फार मोठं ओझं उतरतं.

ज्यांना मुलं नाहीत, किंवा आहेत पण येणार नाहीत, त्यांची अडचण खरी आहे. न्यायालयाच्या निर्देशात प्रतिनिधी म्हणून "पालक किंवा जवळचा नातेवाईक" असे शब्द आहेत. तीस वर्षांचा मित्र किंवा शेजारीण त्यात बसते का, हे अशा सभासदांनी वकिलाला विचारून घ्यावं, आणि मित्रालाही हा अधिकार स्पष्टपणे मिळावा अशी मागणी संघांनी एकत्रितपणे शासनाकडे लावून धरावी. आपली संख्या मोठी आहे, आपलं ऐकलं जाईल.

संघाने करायचं ते अवघड नाही. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. सभेचा दिवस रविवार ठेवा, नोकरीवाली मुलं येऊ शकतील. परदेशातल्या मुलांना फोनवर जोडून घेता येतं, आणि त्यांना जोडाच, कारण शेवटच्या रात्री त्यांचाच फोन येणार असतो. एक परिहार सेवेतले डॉक्टर आणि एक वकील पुरेत. भाषण अर्ध्या तासात आटपा आणि उरलेला वेळ प्रत्येक कुटुंबाला आपापल्या टेबलावर बसून बोलू द्या. पंधरा दिवसांनी नोटरीला संघात बोलवा. साक्षीदार म्हणून सभासदांनी एकमेकांसाठी उभं राहावं, आपला त्यात काही स्वार्थ नसतो. आणि कार्यवाहांनी संघाच्या पत्रावर महापालिकेला किंवा नगरपालिकेला लेखी विचारावं, की वैद्यकीय इच्छापत्रं स्वीकारणारे अधिकारी कोण, कुठे बसतात, पोच देतात का. उत्तर आलं की ते संघाच्या फलकावर लावा. नाही आलं तर पुन्हा लिहा.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचे कार्यक्रम बहुतेक संघ करतात. सत्कार, गाणी, खेळ सगळं जरूर व्हावं. त्या आठवड्यातली एक सकाळ मात्र या सभेसाठी राखून ठेवा, आणि तुमच्याकडे ती कशी झाली, मुलं काय म्हणाली, अडचण कुठे आली, ते जवळच्या दुसऱ्या संघाला कळवा, म्हणजे त्यांचं काम सोपं होईल. घरात बोलायला सुरुवात करून देणाऱ्या प्रश्नांचं एक पानभर टिपण आमच्या संघाने तयार केलं आहे. त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिचारिका आणि संघाची सभासद, पुणे